ओल्या चुन्यातले श्वास

घुमटाचा फोटो उभ्याने काढता येत नाही. आधी फरशीवर उताणं पडायचं, पाठीला गारवा लागू द्यायचा आणि डोळे सरावेपर्यंत काहीच करायचं नाही. पाच-सात मिनिटांनी छत हलायला लागतं. रंगवलेले ढग सरकतात, देवदूतांचे पाय हवेत लोंबकळतात, आणि आपण खाली आहोत की वर, हेच कळेनासं होतं. मोन्तेफिओलाच्या चर्चमध्ये मी रोज सकाळी अशी पडायचे. शेजारी सतरंजीवर माझी चार वर्षांची जुई पडायची, दोन्ही हात पोटावर ठेवून. ती ढग बघत नसायची. आपलं पोट वर-खाली होताना मोजत असायची.

मोन्तेफिओला हे मध्य इटलीतलं डोंगरमाथ्यावरचं गाव, चारशे उंबऱ्यांचं. तिथल्या चर्चचा घुमट सव्वातीनशे वर्षांपूर्वी एका चित्रकाराने ओल्या चुन्यावर रंगवला. त्याचं नाव कुणी टिपून ठेवलेलं नाही. आमची सहा जणांची तुकडी त्या घुमटाचा श्वास-फोटो काढायला आली होती.

श्वास-फोटो म्हणजे काय ते सांगते. ओला चुना वाळतो म्हणजे त्यातलं पाणी नुसतं उडून जात नाही. तो हवेतला कार्बन वायू ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो. आता चित्रकार भिंतीपासून हातभर अंतरावर नाक नेऊन दिवसभर काम करणार, म्हणजे चुना जो वायू पितो तो बराचसा त्याच्याच उच्छ्वासातला. त्यातही कार्बन दोन जातींचा असतो, एक हलका, एक किंचित जड. ज्वारी-मका खाणाऱ्याच्या श्वासात जड थोडा जास्त, गहू-तांदूळ खाणाऱ्याच्या श्वासात कमी. त्यावरून माणसं वेगवेगळी काढता येतात. लहान मुलं भरभर श्वास घेतात, म्हणून त्यांच्या रेघा दाट. केसाच्या जाडीएवढ्या थरात साधारण एक दिवस मावतो. दहा वर्षांपूर्वी हे सगळं गणित एका कॅमेऱ्यात बसलं आणि जुन्या भिंतींमधून माणसं दिसायला लागली. माणसं म्हणजे त्यांचा दम. पडद्यावर तो धुक्यासारखा दिसतो. गव्हाची भाकरी खाणाऱ्याचं धुकं निळसर, मक्याचं पिठलं खाणाऱ्याचं पिवळट.

शोध छतांवरच थांबला असता तर बरं झालं असतं. पण कुणाच्या तरी डोक्यात आलं की पाळण्यावर ओल्या चुन्याची पाटी टांगली तर बाळाचा रात्रभराचा श्वास त्यात उमटेल. झालं. आता आमच्या संभाजीनगरात औषधाच्या दुकानात रोज सकाळी दुधाच्या पिशव्यांसारख्या ताज्या चुनपाट्या येतात. पोळपाटाएवढी पाटी, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. संध्याकाळी टांगायची, सकाळी फोनसमोर धरायची.

जुई अकरा महिन्यांची असताना तिची छाती भरली होती. दवाखान्याच्या वाटेवर गाडीत ती चाळीस सेकंद श्वास घेत नव्हती. चाळीस हा आकडा मला नंतर डॉक्टरांनी सांगितला. माझ्या हिशेबाने तो अजून संपलेला नाही. तेव्हापासून तिच्या उशाशी रोज पाटी आहे. ती दोन वर्षांची झाल्यावर डॉक्टर म्हणाले की फुप्फुसं उत्तम आहेत, आता मुलीला खेळू द्या. मी हो म्हटलं आणि येताना दुकानातून पाटी घेऊन आले.

इटलीत आल्यावर एका सकाळी जुईने विचारलं, "आई, आज माझं चित्र छान आलं का?"

मी छान आलं म्हटलं. ती हसली नाही. काल मी जिन्यावर पळाले नाही ना, म्हणून, असं म्हणाली. संध्याकाळी पळापळ झाली की पाटीवरच्या रेघा खरबरीत येतात, हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. तिने ते माझ्या चेहऱ्यावरून काढलं होतं. नंतर लक्षात आलं की पाटी टांगल्यावर ती लगेच झोपत नाही. डोळे मिटून नीट श्वास घेत पडून राहते, सराव करणाऱ्या गवयासारखी.

हे मी परागला फोनवर सांगितलं ही चूक की शहाणपण, मला त्या आठवड्यात ठरवता आलं नाही. पराग माझा नवरा. संभाजीनगरला पाणीपुरवठ्यात अभियंता आहे, आणि गळती शोधणाऱ्या माणसाचा संयम त्याच्या बोलण्यातही असतो. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"तिला दमा नाहीये आता," तो म्हणाला. "तिला पाटी झालीये."

मग त्याने सांगितलं की तो रविवारी येतोय. गावात बालवाडी आहे. तिथं जेवणानंतर पोरांना दोन तास झोपवतात, आणि पाटी चालत नाही, कारण तिच्यावर बाकीच्या पंधरा पोरांचेही श्वास उमटतील आणि ते कायद्यात बसत नाही. जुईला त्या बालवाडीत घाल, पाटी काढ, नाहीतर मी तिला माझ्याबरोबर घेऊन जातो. तू तुझा घुमट पुरा करून ये. त्याचा आवाज अजिबात चढला नव्हता. चढला असता तर भांडता आलं असतं.

रविवारी गावाचा फुंकरेचा दिवस होता. तो मला ओर्नेल्लाबाईंनी समजावला. ओर्नेल्लाबाई म्हणजे चर्चच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या, अडुसष्ट वर्षांच्या, गवंड्याच्या लेक. मी पाळण्यासारख्या यंत्रशिडीतून वर गेले की खाली जुईकडे त्या बघायच्या. त्यांचं इटालियन माझ्या कानातलं यंत्र मराठीत करून सांगायचं. सुरुवातीला ते फारच छापील बोलायचं, म्हणून मी त्याला मराठवाड्याची बोली लावून ठेवली होती. परिणामी ओर्नेल्लाबाई मला थेट अंबाजोगाईच्या मावशी वाटायच्या.

घुमटाच्या कडेला, कठड्याच्या गॅलरीतून हात पुरेल इतक्यावर, एक गाल फुगवलेला देवदूत आहे. गरम दुधावर फुंकर घालावी तसा तो खाली गावावर फुंकर घालतो. गोष्ट अशी सांगतात की घुमट रंगवला जात असताना आन्येझे नावाची बाई आपलं धाप लागलेलं मूल घेऊन परांचीवर चढली. खाली गावात शेकोट्यांचा धूर आणि धुकं, वर कोरडी ऊबदार हवा. देवदूतापाशी बसून मूल बरं झालं. तेव्हापासून वर्षातून एकदा आजारातून उठलेली पोरं वर नेतात. आदल्या आठवड्यात जिन्याची भिंत चुन्याने सारवतात. पोरं देवदूताकडे बघून फुंकर घालतात आणि जेवायला घरी जातात.

"तुझी पोरगी बी नेऊ रविवारी," ओर्नेल्लाबाई म्हणाल्या. "हे लेकरू पळत कामून न्हाई गं? माझी कोंबडीसुद्धा हिच्याहून जास्त पळायली."

मी बघू म्हटलं.

आमच्या तुकडीचा प्रमुख लिव्हिओ याला त्या देवदूताचा श्वास-फोटो सणाला गावापुढे लावायचा होता. गुरुवारी दुपारी मी वर गेले. उजेड दुपारीच घ्यावा लागतो. तेव्हा आठही खिडक्यांतून तो सारखा पडतो आणि घुमटाला सावलीच उरत नाही. फोटो काढणाऱ्याचाही श्वास भिंतीला लागू नये म्हणून तोंडावर मुखवटा असतो, त्याची नळी पाठीमागून खाली सोडलेली. वर इतकं निवांत असतं की रंगांचा वास येतोय असं वाटतं. त्यांना तीनशे वर्षांत वास उरलेला नाही, हे माहीत असूनही. देवदूताच्या गालावर चित्रकाराच्या बोटाचा ठसा होता. मी चाळीस मिनिटं त्याच्यासमोर तरंगत राहिले, आणि कॅमेरा भिंत पीत राहिला.

लिव्हिओच्या संगणकाला पक्कं चित्र तयार करायला दोन दिवस लागतात. पण कच्चे थर मला लगेच बघता येतात. मी अजिंठ्याला सहा वर्षं हेच केलंय. तिथल्या छतांचे थर कॅमेऱ्याने उलगडायचे: खाली मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा हात, त्यावर रंग, त्यावर कुणीतरी शंभर वर्षांनी चढवलेलं रोगण. मी शिडीतच पाय दुमडून बसले आणि सवयीने तळाच्या थरापासून वर यायला लागले.

तळाशी काही नव्हतं. मग एकदम पिवळट धुकं उमटलं, मका खाणारी बाई. आणि तिच्यापासून थोडं बाजूला, दाट बारीक रेघांचं एक छोटं वर्तुळ. मूल होतं. गोष्ट खरी होती. मी पुढचा थर काढला, त्याच्या पुढचा काढला. वर्तुळ थोडं फिकटलं. रेघांमध्ये फटी दिसायला लागल्या. आणखी वर आले तशा फटी रुंदावल्या. एका थरात रेघा तुटक, दुसऱ्यात जवळजवळ पुसलेल्या. त्याच्या वरच्या थरात मूल नव्हतं. बाईही नव्हती. फक्त चित्रकाराचं निळं धुकं, शांत, एकसारखं. म्हणजे मूल तिथंच गेलं, आणि त्यानंतर त्याने देवदूत रंगवला.

मी खाली आले तेव्हा जुई बाकावर बसून ओर्नेल्लाबाईंनी दिलेली जर्दाळू पुरवून पुरवून खात होती. मी तिच्या छातीवर हात ठेवला. ती लगेच सरळ बसली आणि नीट श्वास घ्यायला लागली.

लिव्हिओला मी सांगितलं की चित्र बिघडलंय, सणाला मिळणार नाही. त्या संध्याकाळी जुईच्या उशाशी एक आणि पायथ्याशी एक अशा दोन पाट्या टांगल्या. शुक्रवारी जागा आहे असा बालवाडीच्या बाईंचा निरोप आला, त्यांना नको कळवलं. परागला काहीच कळवलं नाही. तो रविवारी येणारच होता. मनात मात्र ठरवून टाकलं होतं की तो आला की सांगायचं, घेऊन जा हिला, पण पाटीसकट. बाप झाला म्हणून काय, श्वास मोजायलाच हवेत. मग वाटायचं, म्हणजे ती जाईल, मी इथं, आणि सकाळी पाटी बघणार पराग. पराग बघणारच नाही. माझं डोकं अशा गोल जिन्यात फिरत होतं. त्या दोन दिवसांत झोपताना डोळे मिटले की घुमट दिसायचा, आणि तो आत-बाहेर, आत-बाहेर व्हायचा, आणि मध्येच थांबायचा.

शनिवारी सकाळी ओर्नेल्लाबाई गॅलरीच्या जिन्यात चुन्याची बादली घेऊन भिंत सारवत होत्या. जुई दोन पायऱ्या खाली बसून कुंचल्याचे थेंब मोजत होती. मी म्हटलं, उद्या आम्ही वर येणार नाही. त्यांनी कारण विचारलं. मी टाळलं.

"असं तोंड कामून केलंस? कोण मेलंय?" त्या म्हणाल्या.

जुई खाली ऐकत होती, म्हणून मी त्यांना वरच्या वळणावर नेलं आणि सगळं सांगितलं. फटी, तुटक रेघा, रिकामा थर. त्यांनी कुंचला बादलीत ठेवला. रडतील असं मला वाटलं. सव्वातीनशे वर्षं आया त्या देवदूतापाशी येत होत्या आणि मी तो एका दुपारीत मोडला होता.

त्या रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, मूल कुठल्या बाजूला दिसलं? वरच्या अंगाला का आतल्या? मी म्हटलं, आत, खोल. वर फक्त चित्रकार. कणीक मळताना पाणी आधी की पीठ, हेच विसरलेल्या सुनेकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझं मनगट धरून दोन पायऱ्या वर नेलं. तिथं भिंतीचा पोपडा पडला होता. बुधवारी त्यांनी तिथं जाड चुना थापला होता. माझा अंगठा त्यांनी त्यावर दाबला. वरची साय कुरकुरीत होती, टचकन फुटली. आत लोणी होतं.

"चुना वरून धरतो, बाई. आत मागून वाळतो, लई दिवसांनी. माझा बाप सांगायचा, वरचं आजचं, आतलं उद्याचं. तुमच्या तिकडं काय भिंती आतून वाळायल्यात का?"

माझा अंगठा तसाच चुन्यात होता. आमच्या तिकडं, अजिंठ्याला, रंग कोरड्यावर चढवलेले. थरावर थर, म्हणून खोल ते आधीचं, वरचं ते नंतरचं. ती सहा वर्षं माझ्या बोटांत बसली होती. इथं तसं नव्हतं. इथं थर एकच होता, आणि हवा त्यात वरून आत शिरत गेली होती. पहिला दिवस पृष्ठभागावर, नंतरचे दिवस खोल खोल. आणि ओल्या चुन्यावर चित्रकार शेवटी येईलच कसा? तो पहिल्याच दिवशी यायला हवा, चुना ओला आहे तोवर. कुठल्याही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारला असता. मी विचारला नाही. ज्याची मला भीती वाटत होती ते मला सापडलं होतं, आणि सापडल्यावर मी शोधायचं थांबवलं होतं.

मी तिथंच पायरीवर बसून फोनवर थर उघडले आणि या वेळी वरून आत गेले. आधी चित्रकार, एकटा. त्याचं काम संपलं, तो पुढच्या तुकड्याकडे सरकला, परांची मात्र राहिली. चौथ्या दिवशी बाई आली, आणि तिच्या कुशीत जवळजवळ पुसलेल्या रेघा. तुटक. रुंद फटींच्या. मग थरागणिक फटी आवळत गेल्या. अकराव्या दिवशी एक लहानसं सलग वर्तुळ. सोळाव्या दिवशी ते आईच्या धुक्यापासून थोडं दूर होतं. मूल कुशीतून उतरून परांचीवर हिंडत असणार. एकोणिसाव्या दिवशी रेघा भरगच्च, जोरकस, जणू कुणी मुद्दाम भिंतीवर फुंकर घातली होती.

आणि विसाव्या थरात काही नव्हतं. नुसता चुना.

ओर्नेल्लाबाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. मी तो रिकामा थर त्यांना दाखवला. इथं थांबलं, म्हटलं. इथं काय झालं असेल?

"काय व्हायचंय? खाली गेलं." त्यांनी कुंचला उचलला. "बरं झालेलं लेकरू वर कशाला बसंल?"

 तीन वर्षं रिकाम्या पाटीचा मी एकच अर्थ लावला होता. त्याला दुसरा अर्थ असू शकतो, पायऱ्या, अंगण, दुसऱ्या कुणाचं तरी घर, हे मला सुचलंच नव्हतं.

पराग रविवारी सकाळच्या बसने आला. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात जुईसाठी बाकरवडीचा डबा. भांडायची तयारी करून आला होता, ते त्याच्या मानेवरून कळत होतं. लिव्हिओला शेवटी देऊन टाकलेलं चित्र मी त्याला दाखवलं, माझी चूकही सांगितली. त्याने बोटाने थर पुढे-मागे सरकवून पाहिले. मग म्हणाला, "गळती शोधतानाही असंच होतं. पाणी जिथं दिसतं तिथं पाईप फुटलेला नसतो."

"आता मला पाईप म्हण," मी म्हटलं.

"तू मेन लाइन आहेस," तो म्हणाला, आणि तिघांनी बाकरवडी खाल्ली.

दुपारी चाळीसेक पोरं वर गेली. गॅलरीत जुईची पाळी आली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी घुमटाकडे पाहिलं. मुद्दाम. तिला माझ्या चेहऱ्यावर काही वाचायला मिळू नये म्हणून. तिने घातलेली फुंकर मला ऐकू आली, बघितली नाही.

बालवाडीच्या बाईंना पुन्हा हो कळवलं, आणि सोमवारी मी जुईला पाटीशिवाय बालवाडीच्या दारात सोडलं. माझे पाय तिथून निघेनात. पराग दंडाला धरून म्हणाला, चल, नाहीतर त्या तुलाही झोपवतील. मी चर्चमध्ये गेले, मुखवटा घातला, वर गेले. पुढचा तुकडा एका ढगाचा होता, त्यात माणूसही नाही, देवदूतही नाही. एक ते तीन बालवाडीची झोपेची वेळ. त्या दोन तासांत मी सात वेळा घड्याळ पाहिलं. आठव्यांदा पाहणार होते, पण तेवढ्यात आठही खिडक्यांतला उजेड सारखा झाला आणि कॅमेऱ्याचं झाकण उघडायला हात लागले.

चार वाजता जुई बाहेर आली. एका पायात दुसऱ्याच कुणाचा तरी बूट, गुडघ्याला माती. ती शाळेच्या दारापासून चौकापर्यंत पळत आली, आणि तिला इतकी धाप लागली होती की शब्द फुटत नव्हते. छाती भात्यासारखी हलत होती. तिला एका मुलीबद्दल सांगायचं होतं, एका मांजराबद्दल, आणि कुणीतरी कुणाच्या तरी सुपात काहीतरी टाकल्याबद्दल. वाक्याच्या मध्येच दम संपायचा, ती हवा गिळायची आणि पुन्हा सुरू व्हायची.

हळू बोल, आधी श्वास घे, असं माझ्या जिभेवर आलं होतं. मी खाली बसले आणि विचारलं, "मांजर कोणत्या रंगाचं होतं?"